अम्मानं पाटा घेतला तेव्हा

माझी नात मानसशास्त्रात एम.ए. करते. निर्वासित माणसं नव्या देशात कशी रुळतात यावर तिला प्रकल्प लिहायचा आहे. घरातच एक निर्वासित आयता बसलेला, त्यामुळे वही-पेन घेऊन ती माझ्यासमोर आली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "आजोबा, तुम्हाला रुळायला किती दिवस लागले?"

मी विचारलं, "कशात? ळ म्हणण्यात, की झोपण्यात?"

तिला वाटलं मी टाळतोय. पण मला खरंच दोन वेगळे आकडे सांगायचे होते. ळ मला आठ दिवसांत आला. शांत झोप यायला किती वर्षं गेली ते सांगता येत नाही. आणि आमच्या घरानं इथं मूळ धरलं असं ज्या दिवशी मला वाटलं, तो दिवस उजाडायला नऊ वर्षं लागली. त्या दिवशी अम्मानं भगूरच्या बाजारातून पाटा-वरवंटा आणला.

आता सगळंच सांगतो. मी सिंधमधल्या हैदराबादचा. दख्खनचं ते दुसरं हैदराबाद. आमच्या गावात घरांच्या धाब्यांवर वारा पकडणारी धुराडी असायची, त्यांना मंघ म्हणत. उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा त्यातून थेट खालच्या खोलीत उतरायचा. बाबा शाळेत मास्तर होते, सिंधी शिकवायचे. ऑगस्ट 47 मध्ये फाळणी झाली तरी आम्ही हललो नाही. शेजारपाजार तोच, दूधवाला तोच, मग जायचं कशाला? 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि सिंधमधल्या हिंदूंचा धीर सुटला. माझे चाचा त्या दिवशी कराचीत होते. ते तीन दिवसांनी घरी आले, ते न बोलताच. फेब्रुवारीत आम्ही कराचीच्या कियामारी बंदरावरून जहाजात बसलो. मी आठ वर्षांचा, धाकटी बहीण दीड वर्षाची.

मुंबईला उतरवलं आणि गाडीत घातलं. कुठं नेताहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. कसाऱ्याच्या पुढं घाट लागला. आम्ही सपाट मुलखातली माणसं, डोंगर पोखरून गाडी जाते हे पाहिलेलं नव्हतं. पहिल्या बोगद्यात अंधार झाला तशी अम्मानं आम्हा दोघांना गच्च धरलं. प्रत्येक बोगद्यात धरलं. रात्री नाशिकजवळच्या देवळाली स्टेशनला उतरलो तेव्हा थंडीनं दात वाजत होते.

देवळाली कॅम्पातल्या लष्कराच्या लांबलचक बराकी आम्हाला मिळाल्या. आत भिंती नव्हत्या. दोन कुटुंबांच्या मधे गोणपाट टांगायचं आणि त्याला घर म्हणायचं. पलीकडचा खोकला आपलाच वाटायचा.

या बराकींची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे सोल्जर देवळालीत आणून ठेवत. जहाजं हिवाळ्यातल्या ठरावीक महिन्यांतच सुटायची, तोवर इथं नुसतं बसायचं. ना काम, ना लढाई. ऊन आणि वाट पाहणं. त्यात कित्येकांची डोकी फिरायची. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे ताप. इंग्रजीत आजही डोकं फिरलेल्या माणसाला डूलाली म्हणतात. ज्या जागेनं वाट पाहणाऱ्यांना वेड लावलं म्हणून जगभर नाव कमावलं, तिथंच सरकारनं आम्हाला वाट पाहायला बसवलं! यात कुणाचा दोष नाही, रिकाम्या बराकी होत्या एवढंच. पण निर्वासिताचा पहिला आजार कोणता असं नातीनं विचारलं तर मी दुःखाचं नाव घेणार नाही. तो आजार वाट पाहण्याचा. जेवणाची रांग, पाण्याची रांग, नावाच्या पुकाऱ्याची रांग. धडधाकट माणसं दुपारी भिंतीला टेकून बसलेली असायची. लहान असूनही मला ते बघवायचं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. बहीण रडून रडून निळी पडायला आलेली. अम्मा लोटा घेऊन बराकीच्या मागं गेली. तारेच्या कुंपणापलीकडं भगूरच्या वाटेवर एक घर होतं, दारात एक बाई काहीतरी निवडत बसलेली. अम्मा तारेला हात धरून म्हणाली, "अदी, थोरो खीर."

अदी म्हणजे ताई. खीर म्हणजे आमच्या भाषेत दूध.

बाईनं अम्माकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत निघून गेली. अम्मा परत आली ती मान खाली घालून. संध्याकाळी ती बाई स्वतः तारेशी आली. हातात पितळी, पितळीत शेवयांची खीर, वर चार बेदाणे. तिला वाटलं, या बाईचा काही नवस असेल, नाहीतर असल्या हालात खीर कोण मागतं? मग पोरीचं रडं ऐकून तिला उलगडा झाला आणि कपाळावर हात मारून ती दूध आणायला पळाली. पुढं चाळीस वर्षं मावशी ही गोष्ट सांगून हसायची. हो, त्याच दिवसापासून ती आमची मावशी.

भाषेचं हे असं. वाट म्हणजे दोन्हीकडे वाटच. पाणी म्हणजे पाणीच. मानी म्हणजे आमच्याकडे पोळी, इथं मात्र मान असलेला माणूस. बटाट्याला आम्ही पटाटा म्हणायचो, त्यामुळे अम्माचा पहिला मराठी शब्द बटाटा. बाजारात तोच ती दणक्यात म्हणायची आणि बाकी सगळं बोटानं दाखवायची. बाबांचं मात्र ळ पाशी गाडं अडलं ते कायमचं. जिथं राहायचं त्या गावाच्या नावातच ळ! ते मरेपर्यंत देवलालीतच राहिले.

मला मराठी शाळेत घातलं. सिंधीची बावन्न अक्षरं मला येत होती, आमची लिपी अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडं जाणारी. गुरुजींनी पाटीवर अ काढून दिला. तो मी गिरवला, पण वही मिळाली तेव्हा शेवटच्या पानापासून सुरुवात केली. पोरं खो-खो हसली. गुरुजींनी माझी वही हातात घेतली, न बोलता उलटी केली, पहिलं पान उघडलं आणि माझा हात धरून डाव्या कोपऱ्यात ठेवला. आजही नवी वही घेतली की माझं बोट आधी मागच्या पुठ्ठ्याकडं जातं. नातीच्या पुस्तकात याला काय म्हणतात कोण जाणे.

पोरांची जीभ लवकर वळते, त्याची किंमत घरातले मोठे भरतात, हे मला रेशनकार्डाच्या वेळी दिसलं. बाबा कचेरीत गेले की मला न्यायचे. कारकून मला विचारणार, मी बाबांना सिंधीत विचारणार, बाबा मला सांगणार, मी साहेबांना. एकदा कारकून वैतागून म्हणाला, "याला काहीच कळत नाही का रे?" मी नऊ वर्षांचा. याचा सिंधी अनुवाद करायचा की नाही? मी म्हटलं, "साहेब विचारतात, सही कुठं करणार?" बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मराठी येत नसलं तरी मास्तर माणूस, आवाजाचा सूर ओळखत होते. त्यांनी सही केली, सुंदर वळणदार अरबी सिंधीत. कारकुनानं ती खोडून अंगठा मागितला.

त्या दिवसानंतर बाबा मला घरात कधी रागावले नाहीत. लोकांना वाटेल चांगलंच झालं. मला तसं वाटलं नाही. रागावण्याचा हक्कच त्यांनी सोडून दिला होता.

लिपीमुळं दुसराही घोळ व्हायचा. आम्ही लिहितो अरबीसारखं, अम्मा घालते सुथण-कमीज, सोवळंओवळं आमच्यात नाही, आणि आमच्या झूलेलाल देवासोबत पिरांचंही नाव घेतो. धर्मापायी देश सोडून आलो आणि इथं लोक कुजबुजणार, हे हिंदू का मुसलमान? अम्मानं सुथण पेटीत टाकली आणि लुगडं नेसायला घेतलं. मावशीनं शिकवलं. पहिले आठ दिवस ती चालताना अडखळायची. बाबांनी बाहेर बसून सिंधी पेपर वाचणं सोडलं. आम्ही बदललो त्यातलं निम्मं आवडीनं आणि निम्मं भीतीनं. कुठलं कशानं, हे आता वेगळं काढता येत नाही.

कागदावर मात्र सगळं सरळ होतं. 19 जुलै 1948 च्या आधी आलेले म्हणून घटनेच्या सहाव्या कलमानं आम्ही आपोआप नागरिक झालो. त्यानंतर आलेल्यांना नोंदणीची खटपट करावी लागली. क्लेमचे फॉर्म निघाले, 1950 चा कायदा. सिंधमध्ये सोडलेल्या घरादाराची नोंद करा, पुढं भरपाई मिळेल. बाबांनी फॉर्म आणला आणि तसाच घडी करून ठेवला. रकाने स्थावर मालमत्तेचे. आमचं घर भाड्याचं. बाबांची मालमत्ता म्हणजे सिंधीचं व्याकरण, आणि त्याला रकाना नव्हता. जाता जाता एक गंमत सांगतो. आम्ही ज्या देशातून आलो त्याच्या पहिल्या नोटा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या, आपल्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचं नाव घालून. बाबांना हे कळलं तेव्हा ते खूप दिवसांनी हसले. म्हणाले, "नोटा तिकडं गेल्या, आम्ही इकडं आलो. हिशेब बरोबर."

सिंधी म्हटलं की लोकांना दुकानदार दिसतो. बाबांसारखा वाईट दुकानदार मी पाहिला नाही. सायकलवर कापडाचे तागे बांधून भगूर, पांढुर्ली, सिन्नर करायचे. बुधवारी नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात बसायचे. भाव करता येत नसे, उधारी मागता येत नसे. गिऱ्हाइकानं शब्द चुकीचा वापरला तर मनातल्या मनात दुरुस्त करत बसत. घर चाललं ते अम्माच्या पापडांवर. संध्याकाळी बाबा बराकीतल्या पोरांना फुकट सिंधी शिकवायचे. सुरुवातीला अकरा पोरं होती. मग सहा. मग दोन. त्या दोनांत मी नव्हतो. त्या वेळी मी कुंपणापलीकडं विटीदांडू खेळत असायचो आणि बाबांची हाक ऐकू आली तरी न ऐकल्यासारखं करायचो. सिंधीत हाक मारली की पोरं मला सिंध्या म्हणून चिडवायची, म्हणून.

आता तोफांचं सांगायला हवं. देवळालीत तोफखान्याची शाळा आहे. रेंजवर फायरिंग सुरू झालं की खिडक्या थरथरतात. देवळालीकरांना त्याचं काही नाही, बोलता बोलता थांबतात आणि धडाम झालं की वाक्य पुढं सुरू. मावशीनं अम्माला पहिल्याच दिवशी सांगितलं, "घाबरू नका, सराव चाललाय." महिन्याभरात आम्ही पोरं आवाज मोजायला शिकलो. अम्माही पापड लाटताना थांबेनाशी झाली. चाचा मात्र दर आवाजाला खाटेखाली जायचे. त्यांना सराव म्हणजे काय ते कळत होतं. "माहीत आहे मला," असं खाटेखालूनच म्हणायचे. डोक्याला समजलेलं अंगाला समजत नव्हतं. कराचीतल्या त्या तीन दिवसांत काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुपारभर देवळाली स्टेशनच्या बाकावर बसायचे, गाड्या बघत. स्टेशनवरची माणसं त्यांना चहा द्यायची. चाचा 1974 मध्ये गेले. त्यांच्या आजाराला डॉक्टरांच्या पुस्तकात नाव मिळालं 1980 मध्ये, असं नात सांगते. पीटीएसडी, म्हणजे जबर धक्क्यानंतर मनाला जडणारा आजार. सहा वर्षांनी चुकामूक झाली. नाव मिळून काय झालं असतं माहीत नाही. निदान आम्ही त्यांना भित्रे म्हटलं नसतं. मी म्हणायचो.

नातीनं मला जॉन बेरी नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाचा तक्ता काढून दाखवला. प्रश्न दोनच. जुनं धरून ठेवायचं का? नव्यात मिसळायचं का? होय-नाहीच्या चार जोड्या, म्हणून माणसांचे चार प्रकार. मी म्हटलं, अगं, हे तर आमचं जेवणाचं पान आहे! बाबांनी जुनं धरलं, नवं नाकारलं. मी जुनं टाकलं आणि नव्यात उडी घेतली. चाचांचं दोन्ही सुटलं. आणि अम्मानं दोन्ही धरलं. तिची कढी बेसनाची सिंधीच, पण आंबटाला मावशीनं दिलेली आमसुलं पडायची. पाडव्याला मावशी गूळ-कडुनिंब पाठवायची, दुसऱ्या दिवशी चेटीचंडाची, म्हणजे आमच्या नववर्षाची, गोड भाताची ताहिरी तिकडं जायची. समाज दार किती उघडतो यावरही बरंच ठरतं, असंही हे बेरी म्हणतात म्हणे. तेही खरं. आमच्या दाराचं नाव मावशी. पण एक गोष्ट मला तक्त्यात दिसली नाही. हे चार जण एकाच ताटाभोवती बसलेले असतात. बाबा जुनं सांभाळत बसले होते म्हणूनच मला ते निर्धास्त टाकून देता आलं. घरात कुणीतरी राखण करतंय म्हटल्यावर बाकीचे हुंदडायला मोकळे. हे मी त्यांना जिवंतपणी सांगायला हवं होतं.

आणि पाटा. अम्मा चटणी वाटायला रोज मावशीकडं जायची. हातात मिरच्या, लसूण, कोथिंबीर. नऊ वर्षं. आम्ही बराकीतून दोन खोल्यांत गेलो, पितळेची भांडी आली, सायकल आली, भिंतीवर घड्याळ आलं, पण पाटा नाही. मावशी विचारायची, "अगं, पाच-सात रुपयांचा दगड, घेत का नाहीस?" अम्मा म्हणायची, घेऊ. मला वाटायचं मावशीशी बोलायचं निमित्त म्हणून घेत नसेल. तेही असेल. पण घरात आलेलं सगळं मी नंतर मनात मांडून पाहिलं. दोन हातांत उचलून पळता येणार नाही अशी एकही वस्तू त्यात नव्हती.

1957 च्या उन्हाळ्यात ती बाजाराहून बैलगाडीत बसून आली. गाडीवानानं आणि मी मिळून पाटा उतरवला. काळा, नवा टाकी लावलेला, हात फिरवला तर खरखर सोलवटेल असा. बाबा दारात उभे होते. म्हणाले, "हा कोण उचलणार?"

अम्मा म्हणाली, "कशाला उचलायचाय?"

बाबा आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि पाटा ठेवायला कोपऱ्यातली जमीन सारखी करून दिली.

नाशिकला परक्यांचा आसरा काही आमच्यापासून सुरू झालेला नाही. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, नावाकडं कुणाचं लक्ष नसतं. तिथं मिशनऱ्यांची वसाहत होती आणि एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी पोरं तिथं वाढली. त्यातला जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेत, तो खंड धुंडाळणाऱ्या डॉ. लिव्हिंग्स्टनला जाऊन मिळाला आणि 1874 मध्ये लंडनला लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीला त्याचा खांदा लागला. आफ्रिकेत परतलेल्या या मंडळींना तिथले लोक 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. म्हणजे इथं आफ्रिकी आणि तिथं मुंबईचे! हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. मीही उल्हासनगरच्या नातेवाइकांत गेलो की ते म्हणतात, "आले नाशिकचे मराठे."

माझं लग्न सिन्नरच्या मराठी मुलीशी झालं. 1966 मध्ये. तिच्या घरी वर्षभर अबोला, मग पहिलं बाळंतपण आणि अबोला संपला. लग्नाच्या पुढच्याच वर्षी सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत गेली. बाबा असते तर पेढे वाटले असते, ते 63 लाच गेले. मी पेपरात वाचलं आणि पान उलटलं. आमच्या पोरांना सिंधी येत नाही. कढी येते.

हे सगळं अंगाशी आलं ते 1996 मध्ये. अम्माला विसरण्याचा आजार झाला. आधी कालचं गेलं, मग वर्षांमागचं, आणि एक दिवस तिचं मराठी गेलं. मागाहून शिकलेली भाषा आधी जाते म्हणतात. पन्नास वर्षं जी बाई भाजीवाल्याशी मराठीत भांडली ती फक्त सिंधी बोलू लागली. घरात तिचं ऐकणारं कुणी नाही. मावशी रोज येऊन बसायची, तिचा हात हातात घेऊन. मी जवळ जायचो तर निम्मे शब्द मला आठवत नसत. विटीदांडूच्या दुपारी बाबा जे शिकवत होते तेच नेमके. एका रात्री अम्मा सारखी म्हणत राहिली, "खीर, खीर." बायकोनं बिचारीनं उठून रात्री अकराला शेवया भाजल्या. अम्मानं वाटीकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. पाच मिनिटं गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी दूध तापवलं.

अम्माच्या अस्थी रामकुंडात सोडल्या. गुरुजींनी संकल्पासाठी विचारलं, "गाव?" मी म्हटलं, "देवळाली." ळ स्वच्छ आला. मग वाटलं, दुसरंही सांगायला हवं होतं. तोवर ते पुढं गेले होते.

गेल्या वर्षी जुनं घर सोडून लॅम रोडला चौथ्या मजल्यावर राहायला आलो. सामान हलवणारी पोरं आली, उत्तर प्रदेशातली. कपाटं, फ्रिज, पलंग सगळं भराभर उतरवलं. शेवटी एकानं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाहिलं आणि मला विचारलं, "बाबूजी, ये कौन उठाएगा?"

दोनशे रुपये जादा दिले. लिफ्टमधून वर आला. आता तो गॅलरीत आहे. टाकी लावणाऱ्या बायका पूर्वी दारावरून ओरडत जायच्या, त्या आता येत नाहीत. पाटा पार गुळगुळीत झालाय. परवा सुनेनं हौसेनं त्यावर चटणी वाटायला घेतली, तर मिरची वाटेचना, नुसती घसरत राहिली.